पोर्तुगीज अंमलावरच्या कादंबऱ्यांत गोंयकाराला हलकं लेखणं कसं येतं, आणि कुठे फसतं?

अंत्रुजकर

पोर्तुगीज काळावरची कथा मराठीत लिहायला घेतली की पहिल्या दहा पानांत एक पाखलो, म्हणजे गोरा पोर्तुगीज, येतो. हातात चाबूक, तोंडात शिवी. वाचक चिडतो आणि लेखकाला वाटतं काम झालं. मला हे फार अपुरं वाटतं. 1510 ते 1961 एवढा काळ माणसांना खालचं ठरवत ठेवायचं तर त्याला वह्या लागतात, फर्मानं लागतात, इगर्जीतली (चर्चमधली) कुणी कुठे बसायचं ती जागा लागते, आणि हे सगळं रोज मुकाट चालवणारे इथलेच लोक लागतात.

नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'चा (1958) शेवट आठवा. ओकोंक्वोचा देह झाडाला लटकतोय आणि इंग्रज जिल्हा अधिकारी मनात हिशेब करतोय, आपल्या नियोजित पुस्तकात या माणसावर एक प्रकरण लिहावं का? नको, बऱ्यापैकी एक परिच्छेद पुरे. आवाज चढत नाही, हात उगारला जात नाही. आपण आधी अख्खी कादंबरी ज्या माणसाबरोबर काढली, त्याची किंमत त्या साहेबाच्या लेखी किती, ते एका ओळीत कळतं.

गोव्यावरच्या लेखनात हे कुणी साधलंय, कुणाचं कुठे हुकतं, आणि नव्याने लिहिणाऱ्याने नेमकं काय तपासावं, यावर जाणकारांनी लिहावं. वाचणाऱ्यांत दोघे-तिघे सध्या कथा लिहिताहेत, तेव्हा नेमकेपणाने लिहिलंत तर उपयोग होईल.

मांडवीकाठ

अंत्रुजकर बाब, चांगला विषय काढलात. सुरुवात साल आणि तालुका ठरवण्यापासून करावी लागेल, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजाती, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हा नव्या काबिजातींचा मुलूख 1763 ते 1788 या काळात टप्प्याटप्प्याने आला, आणि तिथे लोकांच्या धर्माला, रीतिरिवाजांना हात लावणार नाही असं वचन द्यावं लागलं. त्यामुळे 1650 सालच्या फोंड्यात इन्क्विझिशनचे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचे, शिपाई घर झडती घेताहेत असा प्रसंग लिहिला की कथा तिथेच पडली. फोंड्यात तेव्हा पोर्तुगीज नव्हतेच. म्हणून तर कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. नदी ओलांडली की राज्य बदलत होतं. तुमच्या पात्राचं घर नदीच्या कुठल्या काठाला आहे यावर त्याची भीती ठरते.

इन्क्विझिशन 1560 ला सुरू झालं, 1774 ला बंद, 1778 ला पुन्हा सुरू, आणि 1812 ला कायमचं बंद. 1820 च्या कथेत ते नको. आणखी एक. त्याचा मुख्य रोख बाटलेल्या ख्रिस्ती लोकांवर होता, घरात जुने रिवाज पाळतात का यावर. हिंदूंवरही खटले चालले, पण ठरावीक आरोपांखाली: कुणाला ख्रिस्ती होण्यापासून अडवलं, ख्रिस्ती मुलखात पूजा-विधी केले, असे.

इन्क्विझिशनचं 1736 चं फर्मान मिळालं तर मुळातून वाचा. अ. का. प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरच्या पुस्तकात (1961) ते आहे. ख्रिस्ती घराच्या अंगणात तुळस नको, पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, लग्नात पान-सुपारी धाडायची नाही. भात बिनमिठाचा शिजवून मीठ वरून घ्यायचं नाही, कारण तशी हिंदूंची रीत. एखाद्या राज्याला भातात मीठ कधी पडतं याची चौकशी करावीशी वाटते, यात सगळं आलं. चुलीपाशी उभी असलेली बाई, दारात शेजारीण, आणि हातातलं मीठ आता टाकू की नंतर हा विचार. यात चाबूक लागतो का सांगा.

सांखळीचा वाचक

एक शंका. मग 1684 च्या कोंकणीबंदीचं काय? बऱ्याच लेखनात त्या दिवसापासून गावागावांत कोंकणी बोलणाऱ्याला शिक्षा होताना दाखवतात.

मांडवीकाठ

व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांचं 27 जून 1684 चं फर्मान. तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलावं असा हुकूम. तो गावात अमलात येणं शक्यच नव्हतं, कारण शिकवणार कोण? आणि खुद्द पाद्र्यांना कबुलीजबाब लोकांच्या भाषेत ऐकावा लागे. पुढे 1745 मध्ये आर्चबिशप लोरेन्सु द सांत मारिया यांनी ज्यांना पोर्तुगीज येत नाही त्यांना लग्न लावायची परवानगी नाही, असा आदेश काढला. कथेला खरा उपयोग या दुसऱ्याचा. बंदी हवेत राहते, लग्न मात्र अडतं. मुलगा-मुलगी, दोन्हीकडचे आईबाप, पाद्रीसमोर पाठ केलेली दोन वाक्यं.

लिहिताना हा भेद पाळा: हुकूम काय होता आणि तो खाली येता येता त्याचं काय झालं. फर्मान छापलं म्हणजे तसं घडलं, असं धरणाऱ्या कादंबऱ्या लवकर पोकळ वाटायला लागतात.

कुशावती

मांडवीकाठ बाब, तुमचं सगळं पटलं, पण एक बाजू राहतेय. तुच्छतेची उतरंड. पोर्तुगालात जन्मलेला गोरा सगळ्यात वर, त्याच्या खाली इथेच जन्मलेले त्यांचे वंशज, मग बामण आणि चारडो (क्षत्रिय) या वरच्या जातींतले ख्रिस्ती, मग बाकीचे, मग हिंदू, आणि कुळवाडी-कुणबी सगळ्यांच्या तळाशी. प्रत्येक पायरीवरचा वरच्याचा अपमान सोसतो आणि खालच्याचा करतो. हे सोडून "ते" आणि "आपण" असे दोनच गट केले की गोव्याची कथा खोटी होते.

यासाठी ओर्लांदु द कोश्त यांची 'उ सिग्नु द इर' (1961) अभ्यासावी. मूळ पोर्तुगीजमधली कादंबरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं गाव, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शेतात राबणारे कुणबी. लेखक मडगावात वाढलेला. (पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियु कोश्त यांचे हे वडील.) पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने पुस्तकावर बंदी आणली. कुणब्याच्या जगण्यात रोजचा मालक भाटकार आहे, तो गोंयकारच आहे, आणि गोरी सत्ता त्याच्या पाठीमागे उभी आहे. कुणबी गोऱ्याला भेटतो तेव्हाही मधे भाटकाराची सावली असते. लेखकाने हे मोठ्या धैर्याने मांडलं, कारण स्वातंत्र्याच्या धामधुमीत आपल्याच वरच्या जातींकडे बोट दाखवणं सोपं नव्हतं.

फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांचं 'उश ब्राह्मानिश' (1866) याच कारणासाठी महत्त्वाचं. नावेलीचा हा डॉक्टर लिस्बनच्या संसदेत गोव्याचा प्रतिनिधी होता. कथा त्याने गोव्यात ठेवलीच नाही, ब्रिटिश हिंदुस्थानात फैजाबादला नेली. एका बाजूला जातीचा गर्व असलेला ब्राह्मण, दुसऱ्या बाजूला कातडीचा गर्व असलेला गोरा, आणि गर्व दोघांचा एकच. आज काही पानं भाषणासारखी वाटतात, पात्रं लांबलचक बोलतात. पण तुलना करण्याची ती हिंमत 1866 सालची आहे, हे विसरू नये.

मराठी-कोंकणीत महाबळेश्वर सैलांची 'तांडव' बाटाबाटीच्या काळावर आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल.

दोन तीर

उतरंडीचा मुद्दा चर्चच्या अंगाने पुढे नेतो, कारण अठराव्या शतकातली कथा लिहिणाऱ्याला सगळ्यात सशक्त साहित्य तिथे आहे.

साष्टीच्या गावांत जेजुइट, बार्देशात फ्रान्सिस्कन, हे पाद्र्यांचे दोन वेगळे पंथ. हे उलटसुलट करू नका, फार जण करतात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावचा मुख्य पाद्री युरोपियन आणि हाताखालचा कूर गोंयकार, अशी साधारण रचना. गोंयकार लॅटिन शिकलेला, प्रवचन उत्तम करणारा, लोकांची भाषा जाणणारा, तरी वर जायची वाट बंद. जेजुइटांना 1759 मध्ये पोर्तुगालच्या राज्यातून हाकललं. त्यानंतरच्या कथेत ते साष्टीत दिसले की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

दिवाडीचे मातेउश द काश्त्रु सतराव्या शतकातले. गोव्याच्या आर्चबिशपकडून दीक्षा मिळेना म्हणून रोमला गेले आणि तिथून बिशप होऊन परत आले. तरीही इथे त्यांना बिशप म्हणून मानायला कुणी तयार नव्हतं. पुढे 1787 चा पिंटोंचा उठाव. त्यामागे कांदोळीचं पिंटो घराणं आणि बिशपपद नाकारल्याने दुखावलेले पाद्री होते. दोन पाद्री थेट लिस्बनपर्यंत जाऊन हात हलवत परतले होते.

आणि मधे 1761 चा, पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल याचा कायदा. राजाच्या मुलखातले ख्रिस्ती रहिवासी जन्माने कुठलेही असोत, पोर्तुगालात जन्मलेल्यांच्या बरोबरीचे. त्यांना कातडीवरून हिणवणाऱ्याला शिक्षा. गोव्यात तो अमलात येईना म्हणून 1774 मध्ये पुन्हा बजावावा लागला. आता बघा, कागदावर समता मिळून सव्वीस वर्षं झाली आहेत आणि त्यानंतर पिंटोंचा उठाव होतो. कादंबरीला याहून चांगला ताण कुठे मिळणार? ज्याला काही आशाच नव्हती तो असा उठत नाही. ज्याला कायद्याने आशा दाखवली आणि दारात थांबवलं, तो उठतो.

सांखळीचा वाचक

हे सगळं जुनं झालं. विसाव्या शतकाचं काय? 1950 च्या सुमाराला तर पोर्तुगीज म्हणायचे की आम्ही वर्णभेद मानतच नाही.

कुशावती

म्हणायचे, आणि तिथेच विसाव्या शतकावर लिहिणाऱ्याची खरी कसोटी आहे.

ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेरे यांना सालाझार सरकारने वसाहतींच्या दौऱ्यावर बोलावलं, 1951 मध्ये ते गोव्यातही आले. पोर्तुगीज माणूस उष्ण प्रदेशात मिसळून जातो, त्याला रंगाचा दुजाभाव नाही, ही त्यांची मांडणी सरकारने उचलून धरली. त्याच वर्षी वसाहती कागदोपत्री "सागरपार प्रांत" झाल्या. याच्या आधी 1930 चा वसाहत कायदा होता, त्यात तर मुलूख ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं कार्य म्हणून लिहिलं होतं. 1930 च्याच जुलैत गोंयकार पत्रकार लुईश द मिनेझिश ब्रागांझांनी पणजीच्या कौन्सिलात विरोधाचा ठराव मांडला. स्वातंत्र्यलढ्यातले त्रिश्तांव ब्रागांझा कुन्य यांची 'डीनॅशनलायझेशन ऑफ गोवन्स' ही पुस्तिका 1944 ची. 1946 मध्ये त्यांना पकडलं आणि पुढे पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं.

म्हणजे या काळातला अपमान गोड बोलून होतो. "तुम्ही तर आमचेच." हे "आमचेच" असणं दरवेळी सिद्ध करावं लागतं. भाषा, पेहराव, जेवायची पद्धत, सगळ्यात पास झालात तरी गुण देणारा तोच. लँबर्ट मास्कारेन्यश यांची 'सॉरोइंग लाइज माय लँड' (1955, इंग्रजीत) हाच काळ घेते. तोबियश कोश्त हा बाप आणि सांगणारा त्याचा मुलगा. मुलाच्या नजरेतून सांगितल्यामुळे बापाचा ताठ कणा आणि त्याची घरादाराने मोजलेली किंमत दोन्ही दिसतात.

आता लिहिणाऱ्यांसाठी एक उदाहरण करून दाखवते. 1955, नव्या काबिजातीतलं एक कचेरीचं गाव. एक माणूस अर्ज घेऊन आलाय.

आधी नेहमीचा मसुदा (आदमिनिश्त्रादोर म्हणजे तालुक्याचा अधिकारी): "आदमिनिश्त्रादोर टेबलावर मूठ आपटून गरजला, 'तुम्ही घाणेरडे लोक! तुमची लायकी काय?' रामनाथच्या डोळ्यांत अंगार फुलला. गुलामगिरीच्या या बेड्या तोडायच्याच, त्याने मनोमन ठरवलं."

आता दुसरा:

"कारकुनाने अर्जाचा कागद उजेडाला धरला. सरकारी शिक्क्याचाच कागद होता. मग त्याने वही उघडली, बोट खाली खाली नेलं, आणि अर्ज परत सरकवला.
'नाव जुळत नाही.'
'माझंच नाव आहे ते.'
'वहीत वेगळं आहे.'
रामनाथने मान वाकवून पाहिलं. वहीतलं नाव पोर्तुगीज कारकुनाने कधीतरी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं होतं. शेवटची दोन अक्षरं त्याला लावता येईनात.
'यातलं बरोबर कुठलं?' त्याने विचारलं.
कारकून त्याच्याच गावचा होता. दिवाळीला त्याच्या घरचे पोहे रामनाथने खाल्ले होते. कारकुनाने आतल्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. 'वहीतलं.'"

दुसऱ्यात गोरा माणूस पानावर नाहीच. दार बंद आहे. पण त्या दाराकडे पाहूनच आवाज खाली येतो. पहिल्या मसुद्यात वाचकाला काय वाटून घ्यायचं ते लेखकानेच सांगून टाकलंय, म्हणून त्याच्या मनात स्वतःचं काही उरत नाही.

दोन तीर

कुशावतीबाय, फार नेमकं. पहिल्या मसुद्याची आणखी एक खोट: "गुलामगिरीच्या बेड्या" ही सभेतली भाषा. 1955 च्या सत्याग्रहीच्या तोंडी ती शोभेल, अर्ज घेऊन आलेल्याच्या मनात ती येणार नाही. 1700 च्या पात्राच्या तोंडी "हक्क" आणि "शोषण" आले की तर ऐकवत नाही.

आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींवरचं लेखन शेजारी ठेवून वाचा. मोझांबिकचे लुईश बेर्नार्दु ओंवाना, त्यांचा 1964 चा कथासंग्रह. त्यात काळ्या माणसांचे तळवे फिकट का, असा प्रश्न एक पोरगा भेटेल त्याला विचारत सुटतो. मास्तर, पाद्री, जो तो आपलं एक स्पष्टीकरण देतो. सगळी स्पष्टीकरणं हसतखेळत, कुणीच दुष्ट नाही, आणि प्रत्येकात त्या पोराला थोडं खाली ढकललेलं. शेवटी आईचं उत्तर येतं आणि ती हसता हसता रडते. दोन-तीन पानांची कथा. प्रश्न एकच ठेवून उत्तरं बदलत न्यायची, ही रचना कुणालाही शिकण्यासारखी आहे.

पण तिथला कायदा उचलून गोव्याला लावू नका. "इंदिजेना" हा वेगळा कायदेशीर दर्जा अंगोला, मोझांबिक आणि गिनीतल्या लोकांना होता, 1961 पर्यंत. सक्तीची मजुरी, वेगळे नियम त्यातून येत. गोव्याला तो लागू नव्हता. गोंयकार कायद्याने नागरिक होता, आणि कित्येक गोंयकार त्याच आफ्रिकेत कारकून, अधिकारी म्हणून वरच्या खुर्चीत बसले. ज्या खुर्चीवर मांडवीकाठी त्याला बसू देत नव्हते, ती त्याला मोझांबिकच्या राजधानीत, लोरेन्सु मार्किशला, मिळाली. हा विषय मराठी कथेने जवळजवळ शिवलेलाच नाही. कुणीतरी घ्यावा असं मनापासून वाटतं.

मांडवीकाठ

दुभाष्यालाही कुणीतरी न्याय द्या. पोर्तुगीज दरबाराचे सरकारी दुभाषे बरेचसे सारस्वत हिंदू होते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यांच्यावर सविस्तर लिहिलंय. ज्या राज्यात त्यांच्या देवळांवर नांगर फिरला, त्याच राज्याची पत्रं मराठा दरबाराला हेच लिहीत आणि वाचून दाखवत. कप्तान जे बोलला त्यातलं किती पुढे जाऊ द्यायचं, हा निर्णय त्या माणसाच्या जिभेवर. कथेत दुभाष्याला "गद्दार" ठरवून मोकळं होणं ही आळशी वाट आहे.

तसंच अनाथ मुलांचा 1559 चा हुकूम. आईबाप, आजा-आजी नसलेली हिंदू मुलं सांव पावलु कॉलेजात द्यायची, बाप्तिस्मा करायचा. पुढे बाप मेला एवढं पुरे, असा अर्थ लावला गेला. "पाय दुश क्रिश्तांवश" नावाचा अधिकारी हे बघे. यावर लिहिताना मुलाला ओढून नेतानाचा आक्रोश सगळे लिहितात. त्याच्या आधीची रात्र कुणी लिहीत नाही. बाप आजारी आहे, आणि घरातली माणसं वैद्याच्या आधी होडीवाल्याला गाठताहेत.

अंत्रुजकर

फार मोलाचं मिळालं. एक आक्षेप येणार, म्हणून मीच मांडतो. असं दबक्या आवाजात लिहिलं तर क्रौर्य झाकलं जात नाही का? कुंकळ्ळीच्या गांवकारांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या प्रमुखांना, 1583 मध्ये बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. तिथे वही आणि शिक्का कसा पुरेल?

कुशावती

तिथे रक्तच लिहायचं, हातचं न राखता. माझं म्हणणं प्रमाणाविषयी होतं. कत्तल ही घटना आहे आणि तुच्छता ही रोजची हवा. तीनशे पानांत कत्तल दोन पानं घेईल, उरलेली पानं हवेची. आणि कुंकळ्ळीत आधी मंदिरं पाडली गेली, मग तिथे चर्चची जागा ठरवायला आलेल्या जेजुइटांना गावाने ठार केलं, मग किल्ल्यातली हत्या, हा क्रम पूर्ण ठेवा. गावाने केलेलं मारणं गाळून फक्त गावाचं मरण दाखवलं तर गांवकारांचं कर्तेपण आपणच काढून घेतो. निव्वळ बळी म्हणून रंगवलेला माणूसही एका अर्थी खालचाच राहतो.

सांखळीचा वाचक

शेवटचं विचारतो. 1955 चीच कथा आहे, डिचोलीतला शेतकरी पणजीला कचेरीत जातो. तपशील काय सांभाळू?

मांडवीकाठ

पैसे रुपयांत ठेवा, पोर्तुगीज हिंदुस्थानचा रुपया. एश्कूद हे पोर्तुगालचं चलन 1958-59 ला आलं. अर्ज "पापेल सेलाद"वर, म्हणजे सरकारी शिक्क्याच्या कागदावर, आणि पोर्तुगीजमध्ये. शेतकऱ्याला तो स्वतः लिहिता येणार नाही, तेव्हा लिहून देणारा आणि त्याची फी कथेत आणा, तिथेच एक पात्र मिळेल. सरकारी उत्तराच्या तळाशी "अ बें द नासांव", राष्ट्राच्या हितासाठी, हे ठरलेलं वाक्य असे. अर्ज फेटाळल्याच्या कागदावरही. हद्दीवर तेव्हा भारताची आर्थिक नाकेबंदी सुरू होती, तेव्हा बाजारातल्या मालाबद्दल लिहिताना जपून. गावात रेजदोर, म्हणजे गावपातळीचा सरकारी अधिकारी, दाखवा, सगळं आदमिनिश्त्रादोरावर ढकलू नका. आणि पणजीला मांडवीवर पूल नव्हता. बेतीला उतरवा आणि होडीने पलीकडे न्या.